आमच्या गल्लीत मारामारी होत न्हाई

—न्हाई, न्हाई, तू लिही की निवांत, मी कुठं नको म्हणायली? नाव नीलम्मा. वय पन्नास लिही — बावन्न हाय, पण पन्नास लिही, आकडा सरळ दिसतो. धंदा किराणा दुकान, गाव नांदूरघाट. आन गल्लीत मारामारी होती का, त्याच्यापुढं ठळक ‘न्हाई’ लिही. होतच न्हाई. आमची गल्ली म्हंजे — ए! ए सटवा! बोकडाला आवर तुझ्या, वाटाण्याच्या पोत्यात तोंड घालायलंय, तंगडं मोडीन त्याचं आन तुझंबी! — काय म्हणत होते मी? हां. शांत गल्ली हाय. — हे पण लिहिलंस का काय? खोड ते. ते नुसतं बोलणं झालं, त्याला हिंसा म्हणत न्हाईत. सटवाला रोजच म्हणते मी, त्याचं तंगडं बघ कसं धडधाकट हाय.

तू रुचिका ना? विद्यापीठातून आलीस, मारामारी कावून होती आन ती थांबवायची कशी, त्याच्यावर पीएचडी करायलीस — कळलं मला सगळं. तू काय पैली न्हाईस, पोरी. चौऱ्याण्णव साली, म्हंजे दोन वर्षं झाली, धर्मराज सर आलते ह्याच कामाला. महिनाभर आमच्या माडीवर राहिले. अंगानं काडी, चष्मा जाड, बगलेत फायली. लई गरीब माणूस. मारामारीवर अभ्यास करायचा आन मी खाली नारळ फोडला की वर दचकायचा. चाळीस प्रश्नांचा कागद आणलता त्यांनी. उत्तरं ठरलेली — पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. लोकांला एवढं आवडलं ते! बायकोनं विचारावं, आमटी खारट झाली का हो, तर नवरा म्हणायचा, ‘पूर्ण सहमत.’ आन धुळाजी, डिशवाला, ज्यानं गावात केबल आणली, त्याला सरांनी विचारलं, ‘गावात हिंसा कशामुळं वाढली असं तुम्हाला वाटतं?’ तो म्हणला, ‘कुस्तीच्या च्यानलमुळं.’ सर म्हणले, ‘मग तो चॅनल बंद का करत नाही?’ धुळाजी म्हणला, ‘सर, बंद केला तर मारामारी होईल ना!’ सरांनी तेबी लिहून घेतलं.

तर सतरावा प्रश्न. तुझ्या कागदात हाय का तो? न्हाई? बरं झालं. ‘तुमच्या गल्लीत भांडणाची सुरुवात बहुतेक वेळा कोण करतं? नाव सांगा.’ आन सर प्रत्येकाला सांगायचे, नाव गुप्त राहील. गुप्त! सगळे कागद आमच्या माडीवर, टेबलावर, वरून एक दगड ठेवलेला, एवढंच गुप्त. मग वाचले कुणीतरी. आता माडीवर कोण चढतं कोण उतरतं, मी काय पहारा देते का? माणूस झाडायला जातं, पंख्यानं कागद उडतात — दगड? अगं, दगड उचलल्याबिगर टेबल पुसता येतं का, तूच सांग मला. — बरं, मी वाचले. मीच. सातवी पास हाय मी, कागद दिसला की वाचून होतंच आपोआप. आमच्या गल्लीचे बारा कागद, त्यातल्या पैल्या आठांवर ‘नीलम्मा’. वाईट वाटलं असं न्हाई हं. खोटं कशाला बोलू, त्या आठांला मी कधी ना कधी बोललेलीच हाय. पण नववा कागद निघाला मनकर्णाचा. त्याच्यावरबी ‘नीलम्मा’.

मनकर्णा म्हंजे — ती भिंत बघ, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्यात ती. त्या भिंतीच्या पल्याड तिची चूल. एकोणीस वर्षं. इकडून थाप मारली की ती तिकडून ‘आले गं अक्का’ म्हणायची. महांतेशच्या, माझ्या लेकाच्या लग्नात शेंगाच्या पोळ्या सगळ्या तिनं लाटल्या, कुणाला हात लावू दिला न्हाई. तिला मी आयुष्यात एकदा वावगं बोलले न्हाई. — एकदाच बोलले, ते कुंकवाच्या करंड्यावरून, ते सोड. तर तिनं माझं नाव सांगावं? त्या काडीसारख्या परक्या माणसाला?

मग मी काय करणार? काही केलं न्हाई. घागर घेतली, वाटंत शेपू घेतला आन नळावर गेले. ती तिथं लुगडं पिळत होती. मी शांतपणे म्हणलं — लिही, शांतपणे — ‘काय गं मनकर्णे, भांडणाची सुरुवात मी करते?’ ती म्हणली, ‘कोण म्हणतं?’ मी म्हणलं, ‘तूच म्हणतीस, सटवे!’ आन झालं की सुरू. आता सुरुवात कुणी केली हे सांगता येत नाही, तिथं फुली मार. तिच्या हातात पिळलेलं लुगडं, माझ्या हातात शेपूची जुडी. शेपूनं काय लागतंय? पण वास जात न्हाई लवकर. सगळी गल्ली गोळा झाली, धुळाजीनं च्यानल सोडून गर्दी केली, आन तेवढ्यात सर आले पळत, अनवाणी, छातीवर फाईल धरून — ‘ताई! ताई! हिंसा हा मार्ग नाही!’ — आन घुसले की मधी. तांब्या कुठून आला काय माहीत. आला. कपाळावर बसला त्यांच्या. — हो, माझाच होता तांब्या. हो, हातबी माझाच. पण नेम सरांवर नव्हता, एवढं लिही.

आन खरी मारामारी तिथंच थांबायची, थांबलीच होती. आमी दोघी घाबरून त्यांला धरायला गेलो. सर खाली बसलेले, कपाळावर टेंगूळ उठायलेलं, डोळे फिरलेले. मनकर्णा रडायला लागली, मला म्हणली, ‘माझं नाव घेतीस, तूबी माझंच नाव सांगितलं असशील!’ मी म्हणलं, ‘देवाशपथ न्हाई!’ आन सर — नावासारखाच माणूस बघ — त्या गुंगीतच मान वर करून म्हणले, ‘सांगितलंय. त्यांनीही तुमचंच नाव सांगितलंय.’

हसू नको, पोरी. — सांगितलंतं मी. त्यांनी एकदम विचारलं, गल्लीत कुणाचं नाव घ्यायचं तर जिभेवर तिचंच येतं, ते आलं. भांडणाचा काय संबंध? कुठलंबी नाव घ्यायचं तर तेच येतं. तिचंबी तसंच झालं असंल का — हे मला लई दिवसांनी सुचलं. त्या दिवशी न्हाई सुचलं. त्या दिवशी तिनं लुगडं उचललं आन गेली.

पुढं सरांनी छापलेला अभ्यास टपालानं पाठवला. आमच्या गावाला नाव न्हाई, ‘गाव क्रमांक सात’. ‘निरक्षर महिलांमधील हिंसक प्रसंग. कारण — पाणीटंचाई.’ पाणीटंचाई! नळाला त्या दिवशी धो धो पाणी होतं, शेपू वाहून गेला माझा! आन निरक्षर कोण? मी चांगलं दोन पानं पत्र लिहिलं, साहेब, पाण्याचा काही संबंध न्हाई. उत्तर आलं न्हाई. कसं येईल? खरं कारण लिहायचं तर कागद उघडे ठेवले ते लिहावं लागलं असतं. आन उपाय काय लिहिला, माहिताय? ‘नळांची संख्या वाढवावी.’ वाढवली की ग्रामपंचायतीनं! दुसरा नळ आला वरच्या अंगाला. आता ती तिकडं भरती, मी इकडं. भांडण बंद, तुमच्या हिशोबानं. तोंडच दिसत न्हाई एकमेकीचं, भांडणार कशाला?

बोललोच न्हाई दोन वर्षं. गेल्या आषाढात मालकांला — आमचे मालक, बसवराज — भर दुपारी गुळाच्या ढेपीखाली विंचू चावला. निळं पडायलं माणूस. मी थाप मारली भिंतीवर. इचार करून न्हाई, हातच गेला. अर्ध्या डोक्याला तेल लावलेलं, अर्धं कोरडं, तशीच आली मनकर्णा. हबीबभाईच्या जीपमधी घातलं त्यांला, अंबाजोगाईला नेलं. डोकं माझ्या मांडीवर, पाय तिच्या. पण बोलायचं न्हाई ना! मग ती मालकांला म्हणायची, ‘भाऊजी, तिला सांगा, डोकं वर धर.’ मी म्हणायची, ‘अहो, तिला सांगा, धरलंय, दिसत न्हाई का.’ ‘भाऊजी, तिला सांगा, पदरानं वारा घाल.’ ‘अहो, तिला सांगा, मला शिकवू नको.’ मालक बिचारे कण्हत कण्हत इकडचं तिकडं सांगायले. केजच्या अलीकडं ओरडले, ‘अगं मी मरायलोय, तुमच्या तुमी बोला की!’ हबीबभाईला एवढं हसू आलं, जीप बाजूला घ्यावी लागली. माझं कुंकू जायलंय आन हा हसायलाय!

वाचले ते. परत आलो, जीपमधनं उतरलो. ती तिच्या दारात थांबली जरा, मी माझ्या. मला वाटलं, ती बोलंल. तिला वाटलं असंल, मी बोलीन. मग आत गेलो.

— विचार, पुढचं विचार. काय? ‘घरात अडचण आली तर पहिली हाक कुणाला माराल?’ हे बघ, मालकांला मारली असती, पण अडचण म्हंजे तेच असतात. लेक पुण्याला कंपनीत, त्याला एसटीडी लागेपर्यंत विंचू म्हातारा होईल. पोलीस पाटलांला ऐकू कमी येतं. सटवाला हाक मारली तर आधी बोकड येतं. — असं नुसतं बघत बसू नको माझ्याकडं. लिही. मनकर्णा. आता सांगितलं ना, लिही की!

थांब. तू सकाळी पल्याडून आलीस ना? तिचा कागद झालाय म्हंजे. हाच प्रश्न तिलाबी — न्हाई, सांगू नको. दाखवूबी नको, मिटव ती फाईल आधी. गुप्त म्हंजे गुप्त, मी मागितलं तरी द्यायचं न्हाई, कळलं का? आता मला त्या वाटंला —

तू हसायलीस कावून?

न्हाई, खरं सांग, हसायलीस कावून?

...

ऊठ. ऊठ बाई, उरलेले प्रश्न उद्या. ती पिशवी घे, चष्मा घे. मला फळ्या लावू दे दुकानाला — पलीकडं जायचंय जरा.