तीन यंत्रं आणि धुरपताकाकीचा अंगठा

...नाही, मला वाटलं काय होतं ते तर ऐका! मला वाटलं होतं, मी पुण्याहून शिकून येईन, गोंदियाच्या फलाटावर उतरेन, तडक आमच्या गावी कुडव्याला जाऊन मारुतीच्या पारावर उभी राहीन आणि म्हणेन, "मायबहिणींनो, कंबर मोडून गवत कापायचे दिवस संपले, आता यंत्र येणार!" आणि टाळ्या पडतील. टाळ्या! शेती कॉलेजच्या वसतिगृहात तीन वर्षं मी हे भाषण उशीला ऐकवलं होतं, उशीसुद्धा गहिवरायची. आणि झालं काय? मी पारावर उभी, हात वर, तोंडात पंचवार्षिक योजना... आणि आमची धुरपताकाकी, जिच्या हाताखाली अर्ध्या गावातल्या पोरी धान रोवायला शिकल्या, ती खालून म्हणते, "पोरी, पहिले खाली बस. पुन्याले खायले नोते देत का वं?"

संपलं भाषण!

आणि तुम्हाला सांगते, मोठं काही करायचं नव्हतं. गवत कापायचं होतं हो, नुसतं गवत! त्याचं असं, की गोंदियातल्या भातगिरणीवाल्या शेठ लोकांनी बंगल्यापुढे हिरवळी करायचं मनावर घेतलं होतं. छोटेलाल शेठ कलकत्त्याला जाऊन आले, तिथं कुणाच्या तरी दारात मखमलीसारखी हिरवळ पाहिली, झालं, परत आल्याबरोबर अंगणातला कोंड्याचा ढीग हलवला आणि हिरवळ लावली; त्यांचं पाहून शेजाऱ्यानं लावली, शेजाऱ्याचं पाहून त्याच्या व्याह्यानं... असे पाच बंगले, आणि राखायला एकटा रामलाल माळी, तोही दम्याचा! मी म्हटलं, आम्ही राखू. तिकडे भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहतोय आणि आपल्याला एक हिरवळ राखता येऊ नये? आठ बाया गोळा केल्या, 'कुडवा महिला हिरवळ सहकारी मंडळी' असा कागद केला, आणि त्यावर पहिला अंगठा कुणाचा? धुरपताकाकीचा. तिनं अंगठा उमटवला, पदराला पुसला आणि म्हणाली, "पाह्य वं पोरी, अंगठा देल्ला. पन कापलेलं गवत आमच्या गाईले. आनि त्या यंत्रापायी आमच्या हातचं काम गेलं, त माहा अंगठा मले वापस!"

आता कागदावरचा अंगठा वापस कसा करायचा, हे कॉलेजात कुठं शिकवलं होतं?

छोटेलाल शेठचंही एक म्हणणं. "बिटिया, हमको तो मखमल चाहिए. एक मशीन से मेरा लॉन काटके दिखाओ, पाँचों बंगले बरसभर तुम्हारे. मगर परसों सुबह पक्का बताना, कौन-सी मशीन. नहीं तो रामलाल है ही." म्हणजे यंत्र एकच, निवडायचं मी, आणि चुकले तर पाच बंगले गेले, आठ बाया गेल्या, आणि अंगठा... जाऊ द्या.

बरं, यंत्रांच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी काय केलं? मी, शहाणी, बायांना म्हटलं, "उद्या यंत्रं यायची आहेत, जरा तेवढं तण काढून ठेवा," आणि स्टेशनवर गेले. दोन तासांनी परत येते तो शेठच्या हिरवळीचा अख्खा कोपरा गायब! गायब म्हणजे काय, खाली माती, स्वच्छ, निंदून काढलेल्या धानाच्या बांधीसारखी, आणि त्या मातीत मधे मधे डौलानं उभा तरोटा, म्हणजे तुमचा टाकळा! मी किंचाळले, "काकी! हिरवळ कुठं गेली?"

"कोनती हिरवळ? हरळी होती सारी. काढली."

"अहो, हरळी हीच हिरवळ!"

काकीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी म्हटलं होतं, उंदीर पाळून राहिले आहे. "हरळी लावतेत? जल्मभर आमी जिले उपटून राहिलो, तिले हे लोक पानी देऊन राहिले?"

"आणि हा तरोटा काऊन ठेवला?" मीही रडवेली होऊन पुणेरी 'का' सोडून 'काऊन'वर आले.

"तो भाजीचा ना!"

मी डोकं धरून खाली बसले. तर काकी पाठीवर हात ठेवून म्हणते, "काऊन रडतेस वं? हरळी मरते का कधी? आमचे आजे मेले, पणजे मेले, हरळी नाही मेली. पंधरा दिवसांत वापस येते, पाह्य." आणि खोटं कशाला बोलू, जिवाला बरं वाटलं. पण गवत कापायचं होतं हो, नुसतं गवत! इथं कापायच्या आधीच मुळासकट...

दुसऱ्या दिवशी नागपूरहून ईश्वरदास आला. यंत्रं विकणारा माणूस, कोट, टाय, श्रावणातला तो उकाडा आणि गळ्यात टाय! मालडब्यातून तीन यंत्रं घेऊन आला: एक मोटरवालं, एक बैलवालं, एक हातवालं. बंगल्यापुढे ही गर्दी! धुरपताकाकीनं तर गाईलाच आणून फाटकाशी बांधलेलं. मी म्हटलं, "ही कशाला?" म्हणे, "खानारीले इचारा ना पहिले."

पहिलं मोटरवालं. लाल रंग, वर पेट्रोलची टाकी, दोरी ओढून सुरू करायचं. ईश्वरदासनं ओढली, रामलालनं ओढून खोकला काढला, शेठच्या मुनीमजींनी धोतर सावरून ओढली... आणि कितव्यांदा तरी असा आवाज झाला, की मला वाटलं, हावड्याची मेल रूळ सोडून बंगल्यात शिरली! यंत्र सुटलं ते सुटलं, मागे ईश्वरदास लोंबकळतोय, "रुक! रुक!" ओरडतोय, यंत्रानं शेठाणीबाईंचे झेंडू कापले, तुळशीला वळसा घातला, तेवढी देवाची कृपा, आणि विहिरीच्या काठाला धडकून थांबलं. पण कापलं मात्र होतं हं! मखमल! शेठजी टाळ्या वाजवतायत! तेवढ्यात काकीनं कापलेल्यातली मूठ उचलून गाईपुढे धरली. नुसता भुगा, त्याला पेट्रोलचा वास. गाईनं हुंगलं आणि तोंड असं फिरवलं, की मीच ओशाळले.

ईश्वरदास घाम पुसत म्हणतो, "और एक आदमी में काम हो जाता है, बहनजी. आठ औरतों की ज़रूरत ही नहीं!"

हे त्यानं आठ औरतांसमोर म्हटलं! काकीनं नुसता आपला अंगठा उचलून मला दाखवला.

मग बैलवालं. इथं माझे बाबा, केवलराम रहांगडाले, पोरीची अब्रू राखायला स्वतःची जोडी घेऊन आलेले, शिंगांना तेल लावून! ईश्वरदासनं पेटी उघडली आणि त्यातून काढले जोडे. बैलांचे! खुरांनी हिरवळीला खड्डे पडू नयेत म्हणून चार पायांत चार. बाबांनी एक हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "चामड्याचा होय का?"

"असली चमड़ा, पटेल साहब!"

"कोनाच्या चामड्याचा?"

ईश्वरदासनं टाय सैल केला. बाबा म्हणाले, "आठ दिवसांवर पोळा आला. ज्याची पूजा करायची, त्याच्या पायात मी त्याच्याच आज्याचं कातडं घालू का गा?" आता काय करता? मग गिरणीतून पोती आणली, आठ तुकडे कापले, सुतळीनं बांधून बैलांना पोत्याचे जोडे! बैल उभेच. पाय उचलतात, झटकतात, एकमेकांकडे बघतात. कसेबसे दहा पावलं गेले आणि त्यांना उमगलं, की आपण कशावर उभे आहोत. गवतावर! कोवळ्या, लुसलुशीत! दोघांनी माना खाली घातल्या. यंत्र मागे ठप्प, कापणी पुढे जोरात! बाबा ओरडले, तशी एकानं जोतं तोडलं आणि तीन जोडे घालून बंगल्याच्या मागे पळाला, आणि त्याच्यामागे बाबा, आणि बाबांच्या मागे मी, पदर खोचून. गवत कापायचं होतं हो, नुसतं गवत!

अर्ध्या तासानं चिखलानं माखून परत येते, तर हातवालं यंत्रही आजमावून झालेलं. आणि हिरवळ? जशीच्या तशी! नुसती चेपलेली. एक काडी कापलेली नाही. काकी घामानं डबडबलेली. "चार चकरा ओढलं," म्हणाली, "तुह्या यंत्राले दातच नाही." ईश्वरदास गालात हसला, "मैंने बोला था, वो खिलौना है. मोटरवाली लीजिए." शेठजींनीही मान हलवली. बाया एकेक करून कामाच्या टोपल्या उचलायला लागल्या. आणि काकी, जिनं पहिला अंगठा दिला होता, ती जाता जाता म्हणाली, "राहू दे वं पोरी. तुह्या मनात खोट नोती, मले मालूम आहे." अहो, शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या!

सगळे गेले. दिवस कलायला आला. काकी तेवढी गाय सोडायला थांबलेली. मी त्या हातयंत्राशी बसले, बोट लावून पाहते तो पातं वस्तऱ्यासारखं! मग कापत कसं नाही? म्हटलं, "काकी, तुम्ही कसं ओढलं ते एकदा दाखवा बरं."

काकी उठली. दांडा धरला. आणि... चालायला लागली मागे! उलट्या पावली, सरसर, यंत्र आपल्याकडे ओढत, मागे न बघता, रेघ मारावी तशी सरळ!

"काकी! मागे काऊन जाता?"

"त कसं जातेत?" तीच चकित. "धानाचा रोवना मागं मागंच होते ना वं! पुढं चालन, त आपलंच रोवलेलं आपल्याच पायाखाली नाही येन का?"

अहो, त्या यंत्राची पाती पुढे ढकललं तरच फिरतात, मागे ओढलं की नुसती चाकं फिरतात! बावन्न पावसाळे मागे मागे चाललेली बाई, तिच्या हातात दांडा दिला, ती पुढे कशी जाईल? आणि हे सांगायचं कुणी? मी! आणि मी होते कुठं? बैलामागे! मी दांडा धरला, पुढे ढकललं, आणि कर्रर्र... गवताची चूळ उडून पुढच्या पेटीत! बारीक, ओलं, स्वच्छ! पेटी तशीच गाईपुढे ठेवली. गाय खातेय, मी रडतेय, काकी हसतेय. मग काकीनं कमरेवर हात ठेवून जरा मागे रेलून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "चार चकरा झाल्या, पन कंबर नाही दुखून राहिली वं. उभ्यानं काम होय ना हे." माझ्या तीन वर्षांच्या भाषणात हे एवढं साधं वाक्य नव्हतं! छातीवरचं धानाचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं, तसं झालं मला.

पण काकी पुढे चालेना. दांडा धरते, मी म्हणते "पुढे," पाय जातात मागे! "नाही जमत ना, बाई," म्हणाली. "केलेल्या कामावर पाय देववत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी ओट्यावर चहा पीत बसलेले. "हाँ बिटिया, कौन-सी?" मी म्हटलं, "हातवाली!" ईश्वरदास हसला. मी यंत्राच्या पुढच्या बाजूला दोरी बांधली, दोरी काकीच्या हातात दिली, तोंड यंत्राकडे, आणि मागचा दांडा तेवढ्यापुरता मी धरला. आणि काकी निघाली, मागे मागे, सरसर, रेघेसारखी... आणि यंत्र निघालं पुढे पुढे! मखमल! शेठजी चहा विसरले! पाचही बंगले आमचे, बरसभर!

आता प्रश्न राहिला, मागचा दांडा रोज कुणी धरायचा? तो धरणाऱ्याला पुढे चालायला हवं, कापलेल्यावर पाय देत. आठांतली एक तयार होईना. शेवटी काकीच म्हणाली, "तू धर ना वं. तू पुन्याची. तुले चालते."

मग काय, पदर खोचला, भिलाई आठवली, आणि तिथंच ठरवून टाकलं, की पाचही बंगले, वर्षभर, दांडा मीच ढकलणार. भाषणही चालू आहे, बरं का! यंत्राच्या खडखडाटात रोज म्हणते. टाळ्या नाहीत, पण निदान मधेच "खाली बस" तरी कुणी म्हणत नाही!