सुमनचं वजन

आमी मूळचे भंडाऱ्याकडचे. बाप रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाले आला अन् इथंच राहिला, माझा जन्म रायपूरचा, गुढियारीचा. घरात मराठी, बाहेर हिंदी, पाऱ्यात, म्हंजे मोहल्ल्यात, छत्तीसगढी, तं माझी बोली खिचडीच हाय, समजून घ्या जी.

मी हमाल. काय सांगू तुमाले, वजन पाठ नाई उचलत, आधी मन उचलते. दोघं जण पाठीवर बोरा, म्हंजे पोतं, देतात तं देतानी मालाचं नाव घेतात, शक्कर है भैया, पोहा है भैया, हा आमचा कायदाच. नाव कानात पडलं का कंबर तेवढीच कसते, गुडघे तेवढेच वाकतात, दम तेवढाच भरते. पोहा समजून शक्कर आली तं कमरेतून करंट जाते. दुसऱ्या बोऱ्याले अंग आपोआप सावध होते, पण पहिला झटका बसतेच.

तं सुमन, माझी बायको. तिले लकवा मारला, उजवं अंग गेलं. रोज कामावर जायच्या आधी मी तिले खाटेवरून उचलून मोरीत नेऊन बसवू. सुकून काडी झालेली बाई, बोऱ्यापुढं काय ते वजन! डावा हात माह्या गळ्यात टाके, डाव्या पायानं रेटा दे, निम्मी तं तीच उठे. अन् मले वाटे, मीच उचलून राहिलो. मूर्ख माणूस मी.

मंग बीरगांवचे लोक आमच्या पोट्टीले लग्नासाठी पाहून गेले. पोट्टी पसंत, पण फोन आला, माँ की हालत ऐसी है, लड़की का मन तो मायके में ही रहेगा. खाटेवरून सुमननं सगळं आयकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखा वाकलो, रोजच्यासारखाच जोर लावला, अन् तिनं हातच नाई टाकला. पायही नाई लावला. अख्खी सुमन माह्या हातावर आली न जी! कमरेत कटकन वाजलं, दोघंही खाली. म्या म्हणलं, हात काहून नाई टाकला वं? ती म्हणे, राहू द्या मले, किती दिवस उचलसान?

डॉक्टर म्हणते, आता बोरा बंद. टोळीत माह्या जागी दुसरा आला. घरी पोट्टी उचलते मायले, म्हणते, पापा आप हटो, आपसे नहीं होगा. तिच्या वयाच्या पोरी कुठच्या कुठं गेल्या, अन् ही कमरेवर हात ठेवून उठते. मी सुमनले हात जोडतो, माह्यासाठी नको, पोरीसाठी तरी हात टाक. ती भिंतीकडं तोंड करते. तिले वाटते आपण वजन झालो. अवं, वजन तं तू आता झाली.

तुमचे हातपाय चालते राहो जी, घरच्या सगळ्याइचे राहो. माहं काय, मी देवाले रोज म्हणतो, हिले ने आता, पोट्टी तरी सुटन. अन् सकाळी डोळा उघडला का पहिले सरकत सरकत जातो, तिच्या नाकाशी बोट धरतो, गरम श्वास लागला का जीव भांड्यात पडते.