इंदुताईंचा अंगठा

मंडळी, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, नुसतं ऐका! देवापुढं डोळे मिटून बसलं की काय आठवतं? दुधावर झाकण ठेवलं का, मोटारीचं बटण बंद केलं का! आणि घरी जाऊन कामाला लागलं की देव आठवतो? नाव नाही! मग माणसानं करायचं तरी काय? संसार धरला की देव सुटतो, देव धरला की संसार बोंबलतो. दोन्ही एका हातात मावायचे कसे? ते खांबाला टेकलेले आजोबा बघा, मान डोलवतायत. बाबा, तुमचं डोलणं प्रश्नाला आहे की झोपेला?

या प्रश्नाचं उत्तर मी आज पुराणातनं नाही सांगत. कॉम्प्युटरमधनं सांगतो! हसा, हसा. शेवटी बघू कोण हसतंय ते.

देवखेड म्हणून एक तालुक्याचं गाव. तिथं छोटीशी रक्तपेढी, आणि त्या रक्तपेढीत इंदुताई खरमाटे. बावीस वर्षं बाईंनी रजिस्टरं लिहिली. अक्षर असं की डॉक्टरांनी लाजावं! आणि एक दिवस काय झालं? रजिस्टरं गेली कपाटात, टेबलावर आला कॉम्प्युटर.

आता तुम्हाला ठाऊकच आहे — त्या पडद्यावर एक खिडकी उघडली की आधीची तिच्यामागं जाते. झाकली जाते, एवढंच. पण इंदुताईंच्या छातीत धस्स व्हायचं. गेली! सकाळपासून लिहिलेलं सगळं गेलं! मग बाई काय करायच्या? एक खिडकी नीट बंद करायची, मगच दुसरी उघडायची. एका वेळी एकच. व्यवस्थापक फुलसुंदर सर तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्याकडं एक खिडकी योजना आहे. नाव इंदुताई." सगळे हसायचे, आणि बाई खाली मान घालून डबा उघडायच्या. आत कुठंतरी लागायचंच की हो ते.

तिथं रक्त तपासणारी एक शबाना म्हणून होती. तिला हे बघवेना. एका दुपारी ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"ताई, खिडकी जात नाही कुठं. मागं उभी असते. ही ऑल्टची कळ डाव्या अंगठ्यानं धरा आणि ही टॅबची बोटानं टिचका."

इंदुताईंनी टिचकलं आणि घाईघाईनं दोन्ही बोटं उचलली. मागची पुढं आली. पुन्हा टिचकलं, पुढची मागं गेली. दोनच खिडक्या, आलटून पालटून.

"आणि तिसरी गं? ती गेलीच ना?"

"नाही गेली. तुम्ही अंगठा सोडताय, ताई. अंगठा धरूनच ठेवा. बोट तेवढं हलवा."

धरला अंगठा, टिचकलं बोट. आणि मंडळी, काय सांगू! पडद्यावर सगळ्या खिडक्या बारीक होऊन ओळीनं मांडल्या गेल्या, पंगतीला बसल्यासारख्या. बोट टिचकलं की मान पुढच्या पानाला, आणखी टिचकलं की त्याच्या पुढच्या. हवी ती आली की अंगठा उचलायचा. ती खिडकी समोर हजर! बाई बघतच राहिल्या. एवढे दिवस आपण ज्याला गेलं गेलं म्हणून रडलो, ते सगळं इथंच होतं.

लक्षात राहावं म्हणून त्यांनी कळांना नाव दिलं. अंगठा दाबताना मनात म्हणायचं "पांडु", आणि बोट टिचकताना "रंग". पांडु धरायचा, आणि रंग, रंग, रंग! दिवसभर बाईंचे ओठ हलायचे. फुलसुंदर सर म्हणाले, "इंदुताई, हे कार्यालय आहे, देवघर नाही." बाई हसल्या, पण ओठ काही थांबले नाहीत.

आता ऐका हं — मागची माणसं जरा पुढं सरका, इथनं गंमत नाही! देवखेडात रक्तगट तपासणीचं शिबिर झालं. एकशे चाळीस माणसांनी बोट टोचून घेतलं. फुलसुंदर सरांनीही टोचलं, अगदी शेवटी, कारण फोटोवाला उशिरा आला. दुसऱ्या दिवशी इंदुताईंनी सकाळपासून सगळ्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. दुपारी जिल्ह्याची जीप आली आणि चिठ्ठ्या घेऊन गेली. तिला निरोप द्यायला म्हणून बाई उठल्या — आणि यादी सेव्ह करायची राहिली!

तेवढ्यात सर त्याच खुर्चीवर बसले. कालचे फोटो उघडले, भाषण उघडलं, वर्तमानपत्राला पाठवायची बातमी उघडली. फोटो दहादा बघायचा माणूस तो! एकावर एक सात खिडक्या. यंत्र बिचारं धापा टाकायला लागलं.

आणि फोन वाजला. शेजारच्या दवाखान्यातली सिस्टर बोलत होती. वैशाली गिते नावाची मुलगी, पहिलं बाळंतपण. बाळ आलं, पण आईचं रक्त थांबेना. गट ओ निगेटिव्ह. फ्रिजमध्ये एकच पिशवी होती, ती शबानानं धावत नेऊन दिली. आणखी दोन लागणार होत्या, आणि जिल्ह्याचं गाव अडीच तासांवर.

"कालची यादी काढा सर," इंदुताई म्हणाल्या.

सर शोधायला लागले. इथं दाबलं, तिथं दाबलं. "यादी नाही. उडालीय. थांबा, मशीन बंद करून चालू करतो." आणि बोट गेलं बटणाकडं.

मंडळी, ते बटण दाबलं असतं तर? यादी खरोखरच गेली असती. चिठ्ठ्या जीपमध्ये, आणि ती पोर खाटेवर!

इंदुताईंनी सरांचं मनगट धरलं. बावीस वर्षांत ज्या बाईनं वर मान करून उत्तर दिलं नव्हतं, तिनं.

"सर, बोट काढा तिथनं."

"ताई, तिकडं त्या पोरीचा जीव चाललाय."

"म्हणूनच म्हणते. यादी मागं उभी आहे. उठा तुम्ही खुर्चीवरनं."

बाई बसल्या. अंगठा दाबला. पांडु! बोट टिचकलं. रंग! पडदा ढिम्म. एक क्षण गेला, दुसरा गेला. मनात शंका आली का हो? आली! माणूसच ती. पण अंगठा सोडला नाही. आणि हळूच पंगत मांडली गेली! समोर सरांचं भाषण. रंग — सरांचा फोटो. रंग — सरांची बातमी. रंग — पुन्हा सर, हार घातलेले. रंग, रंग, रंग, आणि सगळ्यांच्या मागं, आठवी, यादी! अंगठा उचलला आणि एकशे चाळीस नावं समोर उभी राहिली.

बाईंनी आधी सेव्ह केलं. शहाण्या झाल्या होत्या! मग ओ निगेटिव्ह शोधलं. तीन नावं निघाली. महादू दराडे, टेम्पोवाले. फोन केला तर ते परजिल्ह्यात गेलेले. सिंधू ढाकणे, शाळेत शिकवायच्या. "निघाले," म्हणाल्या आणि पाच मिनिटांत दारात. तिसरं नाव यादीच्या अगदी तळाला होतं. ते वाचून इंदुताईंनी मान वळवली.

"सर, बाही वर करा."

फोटो दहादा बघितला, पण स्वतःचा रक्तगट एकदा बघितला नव्हता महाराजांनी! जी यादी पुसायला निघाले होते, तिच्यातच नाव. बाही वर केली आणि आडवे झाले. तपासण्या झाल्या, पिशव्या भरल्या, गेल्या.

चार वाजता फोन आला. शबानानं घेतला, आणि रडता रडता हसायला लागली. वैशालीनं डोळे उघडले होते. पाणी मागितलं, आणि मग मुलगी मागितली. जिंकल्या इंदुताई! वाजवा टाळ्या, देवळात टाळ्यांना मनाई नाही!

आणि दंडाला कापूस लावून पडलेले फुलसुंदर सर काय म्हणाले? "ताई, मलाही शिकवा ते. पांडु धरायचं."

आता माझा प्रश्न आठवतोय का? संसार आणि देव, दोन्ही मावायचे कसे? अहो, खिडक्या बंद करायला सांगितलंय कुणी! शेत एक खिडकी, सून एक, कोर्टातली तारीख एक. टिचका की बोटानं, बदला की दिवसभर! पण देव धरायचा अंगठा? तो कुठं असतो आपला? सुटलेला. म्हणून दोनच दिसतात, माझं आणि तुझं, आलटून पालटून, आणि बाकी सगळं हरवलं म्हणून आपण गळा काढतो.

डावा अंगठा मांडीवर दाबा बघू सगळ्यांनी. आजोबा, तुम्हीसुद्धा. हां! म्हणा पांडुरंग. आता उठा, चपला शोधा, पोरं गोळा करा, गाडीला किक मारा. बोटं सगळी कामाला लावा. पण उद्या परत येईपर्यंत हा अंगठा कुणी उचलायचा नाही!