शिरीषचा लाडका नात्तो

आमच्या शिरीषला नात्तो किती आवडतो, ते अख्ख्या जपानला ठाऊक आहे. नात्तो म्हणजे आंबवलेलं, तारा सुटणारं सोयाबीन. खरं तर त्याच्या नुसत्या वासानं हा खोली सोडून पळतो.

झालं काय, कावासाकीच्या एका जत्रेत तिथल्या छोट्या टीव्ही चॅनेलच्या बाईंनी याला नात्तो भरवला आणि माइक पुढे केला. साहेब सभ्य! कसाबसा गिळून म्हणाले, "अप्रतिम! मी रोज खातो."

मी म्हटलं, "शिऱ्या, टीव्हीवर एवढं खोटं?"

"अरे, गल्लीतलं चॅनेल आहे. कावासाकीबाहेर कोण बघतंय?"

सोमवारी त्याच्या अँटेना कंपनीच्या ऑफिसात प्रत्येकानं प्रेमानं नात्तो आणला. इथे नको म्हणायची सोय नाही. महिनाभर हसत हसत खाल्ला आणि शेवटी यानं नागोयाला बदली मागून घेतली.

तिथे पहिल्याच दिवशी नवे बॉस कमरेत वाकले. "शिरीष-सान, तुम्हाला टीव्हीवर पाहिलं!" आणि पुढ्यात नात्तोचा वाडगा.

"पण ते चॅनेल इथे कसं दिसतं?"

"सॅटेलाइटवरून देशभर दिसतं," बॉस कौतुकानं म्हणाले. "माझ्या घरावरची डिश तुम्हीच तर डिझाइन केलीत!"