आढळलेलं नाही

...नाही, तुम्हीच मला सांगा, डॉक्टर असतो तर लोकांनी जिन्यात गाठून जीभ दाखवली असती, वकील असतो तर भाडेकरूचं भांडण ऐकवलं असतं, ते एकवेळ चालतं, पण मी क्रीम बनवतो हो! कारखान्यात! हातापायाला लावायचं साधं पांढरं क्रीम! आणि तुम्हाला सांगतो, ज्याला हे कळतं तो आधी दोन पावलं मागे सरकतो आणि मग हळूच विचारतो, "त्यात ते... केमिकल तर नसतं ना?" खालच्या मजल्यावरच्या काकू तर लिफ्टचं दार पायाने अडवतात, पर्समधून डबी काढतात, डबीच्या मागची मुंगीएवढी अक्षरं, त्यातल्या एका नावावर नख ठेवतात आणि म्हणतात, "हे काय आहे? हे चांगलं का?" आता त्या नखावरच्या लाल रंगात काय काय आहे ते सांगितलं तर काकूंना लिफ्टमधून उचलून न्यावं लागेल. नाही सांगत. मी म्हणतो, "काकू, ते घातलंय म्हणून डबीत क्रीम आहे. नाहीतर बुरशी असती."

"पण बुरशी नैसर्गिक असते ना हो?" असं म्हणाल्या. खरंच म्हणाल्या. मी तेव्हापासून जिन्याने जातो.

अहो, क्रीम म्हणजे काय, तर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तेलाला आणि पाण्याला समजूत घालून एका डबीत नांदवायचं. आणि पाणी आलं की जंतू आले. तुम्ही दिवसभर कुठेकुठे घातलेलं बोट त्यात बुडवता, झाकण अर्धवट लावता, डबी न्हाणीघराच्या दमट फळीवर ठेवता, आणि वर अपेक्षा काय, तर ते वर्षभर पांढरंशुभ्र राहावं! ते राहतं ते आम्ही चिमूटभर परिरक्षक घालतो म्हणून. परिरक्षक म्हणजे राखणदार. दिसत नाही, वास नाही, कौतुक नाही. शिव्या मात्र सगळ्या त्यालाच.

आमच्याकडे जाहिरातीचं बघणारा एक आहे, त्याला आम्ही मुक्तराव म्हणतो. का म्हणाल, तर त्याला खोक्यावर सारखं 'मुक्त' लिहायचं असतं. याच्यापासून मुक्त, त्याच्यापासून मुक्त... अरे, क्रीम विकतोयस की कैदी सोडतोयस? परवा येतो आणि म्हणतो, "सर, परिरक्षक-मुक्त करून टाकू." म्हटलं, करू, मग टिकणार किती? म्हणतो, "दोन वर्षं." म्हटलं, कशाच्या जोरावर? तर म्हणतो, "ग्राहकाच्या विश्वासाच्या." मी कपाळाला हात लावला, आणि त्या हातालाही आमचंच क्रीम होतं.

आता म्हणाल, लोक घाबरतात ते उगाच का? उगाच नाही हो. यातलं एक जे परिरक्षक आहे, पॅराबेन म्हणतात त्याला, ते शरीरातल्या एका हार्मोनची नक्कल करतं. फार दुबळी नक्कल, पण करतं. म्हणून संशय आला, म्हणून जगभर लोकांनी अभ्यास केले, मर्यादा ठरवल्या. त्या मर्यादेत वापरलं तर त्याने कोणाला मोठा आजार झाला असं... आणि इथे आमचा शब्द येतो. आढळलेलं नाही.

हा शब्द नीट ऐका, कारण माझं सगळं घर या शब्दावर फुटता फुटता राहिलंय. आमच्या कामात 'नाही' म्हणायची सोय नाही. आम्ही शोधतो, सापडलं नाही तर लिहितो, आढळलेलं नाही. म्हणजे आम्ही जिथे बघितलं, जसं बघितलं, तिथे दिसलं नाही. उद्या कोणी अजून बारीक बघितलं तर? म्हणून 'नाही' म्हणायचं नाही. आणि ही खोड काय कारखान्याच्या दारात चपलेसारखी काढून ठेवता येते? बायको आतून ओरडते, "अहो, माझी छत्री तिकडे आहे का?" मी म्हणतो, "आढळलेली नाही." ती म्हणते, "दूध उतू गेलं का बघा हो," मी म्हणतो, "अजून तसं आढळलेलं नाही," आणि तेवढ्यात ते जातं.

ती हसायची. शेजारच्यांना सांगायची, लग्नाआधी यांना विचारलं होतं, दुसरी कोणी मनात आहे का, तर हे काय म्हणाले असतील ओळखा.

आता ही बायको, तुम्हाला सांगतो, माझ्या सगळ्या क्रीमची पहिली गिऱ्हाईक. कारखान्यात नवीन काही जमलं की पहिली डबी घरी. ती हातावर घेणार, चोळणार, नाकाशी नेणार, आणि एका शब्दात निकाल देणार. "चिकट." की मी उद्या परत कामाला. "बरं आहे" म्हणाली की समजायचं, बाजारात चालणार. आमचं लग्न झाल्यापासून मी जे जे बनवलं ते ते तिच्या अंगाला लागलंय. मला त्याचा केवढा अभिमान होता! लोक बायकोला साड्या आणतात, मी डब्या आणल्या.

आणि तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर.

शस्त्रक्रिया झाली, मग किरणांचे उपचार सुरू झाले. लेक तिच्या घरून आमच्याकडे राहायला आली. लेक शाळेत भूगोल शिकवते, वाऱ्यांच्या दिशा, समुद्राचे प्रवाह, सगळं तिला पाठ, आणि आल्या आल्या तिने काय केलं, तर न्हाणीघरातली फळी रिकामी केली. कचऱ्याची काळी पिशवी धरली आणि एकेक डबी उचलायची, मागचं वाचायचं आणि आत. वाचायचं आणि आत. वर्गात हजेरी घेतात ना, तशी. मी दारात उभा. सगळ्या माझ्या डब्या. शेवटची टाकली, पिशवीला गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, आईला हे तुझ्या क्रीममुळे झालं का?"

आता तुम्ही काय म्हणाला असता? कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, नाही गं बाळ. एक शब्द. तिला तेवढाच हवा होता. आणि मी... मी घसा खाकरला हो! घसा खाकरला आणि म्हणालो, "तसा संबंध आढळलेला नाही."

ती पिशवी घेऊन खाली गेली. त्यानंतर माझ्याशी बोलणं म्हणजे "जेवायला बस" आणि "दार लाव", एवढंच. आणि खरं सांगू, रागावली म्हणून मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं, की तिने विचारायच्या आधीपासून मी स्वतःला तेच विचारत होतो, आणि स्वतःलाही हेच उत्तर देत होतो. रोज दाढी करताना. आढळलेलं नाही, आढळलेलं नाही. त्याने पोट भरत नाही हो.

बरं, किरणांनी बायकोची कातडी उन्हात करपल्यासारखी लाल झालेली, एके ठिकाणी सोललेली. दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, उपचार आता संपलेत, साधं बिनवासाचं काहीतरी लावत जा. मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "मी बनवते." आणि बनवलं! स्वयंपाकघरात! गॅलरीतल्या कुंडीतली कोरफड चिरली, गर काढला, बदामाचं तेल, थोडं मेण, आणि भाजीच्या मिक्सरवर घर्रर्र... जॅमच्या धुतलेल्या बरणीत भरलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'आईसाठी. यात काहीही नाही.'

यात काहीही नाही! अगं, कोरफडीचा गर म्हणजे पाणीच की गं सगळं! राखणदार नसलेलं पाणी! इथेच पाणी मुरतंय, हे मला दिसत होतं, पण बोलू कोणत्या तोंडाने? ज्याच्या डब्या पिशवीत गेल्या त्याने बरणीबद्दल बोलायचं?

काही दिवस गप्प बसलो. मग एकदा बरणी उघडली तर कडेला पाणी सुटलेलं, आणि वास... ओला पंचा विसरून राहतो ना दाराच्या मागे, तसा. बायकोला म्हटलं, "अगं, तुला वास येत नाही?" ती म्हणाली, "येतो की." म्हटलं, "मग लावतेस कशाला?" तर म्हणते, "ती लावते, मी लावून घेते." म्हणजे लेकीला वाईट वाटू नये म्हणून ही सोललेल्या कातडीवर काय वाटेल ते लावून घेतेय! आणि मी म्हणे तज्ज्ञ.

चमचाभर निर्जंतुक बाटलीत घालून कारखान्यात नेलं. आमच्याकडे जंतू बघणाऱ्या एक बाई आहेत, करड्या स्वभावाच्या, आम्ही प्रत्येक क्रीममध्ये आधी मुद्दाम जंतू सोडतो आणि ते मरतात की नाही ते या बघतात, म्हणजे बघा, जंतूंचा त्यांना सराव. दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं, काचेची ताटली समोर ठेवली आणि विचारलं, "हे कुठल्या गटारातून आणलंत?"

म्हटलं, "घरून."

ताटलीत तुम्हाला सांगतो, जागा नव्हती. पिवळे, हिरवे, केसाळ ठिपके. मी फोटो काढला. आणि खोटं कशाला बोलू, घरी जाताना छाती फुगली होती माझी! आता बघतोच, म्हटलं. भाषण तयार केलं, त्यात काकू होत्या, मुक्तराव होता, सगळ्यांचा हिशेब चुकता करणार होतो.

घरात शिरलो तर लेक आईच्या शेजारी बसून ते लावत होती. एका बोटाने, आणि प्रत्येक वेळी लावलं की हळूच फुंकर. लहानपणी हिचा गुडघा फुटायचा तेव्हा हिची आई अशीच फुंकर घालायची.

माझं भाषण गेलं. पण थांबवायला तर हवंच ना, कातडी उघडी आहे तिथे! फोन पुढे केला, आणि तोंडातून काय निघालं? "नमुन्यात वाढ आढळली आहे."

लेकीने वर बघितलं. "आढळली? चला. काहीतरी आढळलं एकदाचं."

मग तिने फोटो बघितला. मोठा करून बघितला. बरणीकडे बघितलं, आईच्या कातडीकडे बघितलं, आणि बोट हवेत तसंच धरून राहिली, ते कुठे पुसावं हेच तिला कळेना. बायको म्हणाली, अगं काही होत नाही मला. पण लेकीचा चेहरा उतरला तो उतरलाच. माझ्यापेक्षा जास्त कोण ओळखणार तो चेहरा? मी रोज आरशात बघत होतो. आपण प्रेमाने लावलं, आणि त्यानेच काही केलं असेल तर?

फोन मला परत देत ती म्हणाली, "बाबा, तुलाही असंच वाटत होतं? इतके महिने?"

मी म्हटलं, "हो."

बास. तेवढंच बोललो आम्ही. कातडी डॉक्टरांना दाखवली, सुदैवाने काही बिघडलं नव्हतं, बरणी गेली. मग मी लेकीला म्हटलं, तुला राखणदार नको ना, मग पाणीच नको. नुसतं तेल आणि मेण. पाणी नसलं की जंतूंना घर नाही, आणि राखणदाराला काम नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले लावा. मग दोघांनी ओट्यापाशी उभं राहून केलं, ती ढवळत होती, मी मेण किसत होतो, आणि ती मला रागावत होती की जाड किसतोस. मला इतकं बरं वाटलं! बायकोने हातावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. आम्ही दोघं परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे. ती म्हणाली, "चिकट." आणि म्हणाली, "पण बरं आहे."

मग आली मोठी तपासणी. डॉक्टरीणबाई कागद बघताहेत, आम्ही तिघं खुर्च्यांच्या टोकावर. बायकोने सरळ विचारलं, "गेलं का हो पूर्ण?" बाईंनी चष्मा काढला, आणि मला कळलं आता त्या काय म्हणणार. त्यांनी घसा खाकरला! आणि म्हणाल्या, "तपासणीत काहीही आढळलेलं नाही."

लेकीने माझ्याकडे बघितलं. बायको डॉक्टरीणबाईंना म्हणते, "यांच्याच वर्गात होतात का हो तुम्ही?" आणि लेक हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मी... मला चष्म्याची काच पुसायची होती, ती मी पुसली.

घरी आलो. चपला काढल्या. बायको पलंगावर टेकली, मघाचं हसू गेलेलं, आणि मला म्हणाली, "अहो, परत नाही ना होणार?"

आणि तुम्हाला सांगतो, जन्मभराचं सगळं शिक्षण बाजूला ठेवलं, घसा खाकरला नाही, काही नाही, तिचा हात धरला आणि म्हणालो, "नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. डबीवरचं बारीक अक्षर वाचतात ना, तसं.

"तुम्हाला नाही जमत हो," म्हणाली. "तुमचं ते नेहमीचं म्हणा. त्यावर माझा विश्वास आहे."

आता काय करता? म्हणतो. सकाळ-संध्याकाळ, जेवण झालं की समोर बसून म्हणतो. आढळलेलं नाही.