रशियन येणारा ट्रेनी
रशियन मले आजही येत नाही, पण भिलाईत मी सहा महिने रशियन दुभाषी होतो.

झालं असं, तिथला पोलाद कारखाना रशियाच्या मदतीनं उभा होऊन राहिला होता तेव्हा मी नागपूरच्या कॉलेजातून वर्षभराच्या ट्रेनिंगले गेलो होतो. माझा साहेब रशियन. तो हातवारे करायचा, मी मान हलवायचो. मी परत निघताना त्यानं सर्टिफिकेट दिलं, तेही रशियनमध्ये.

कॉलेजात प्राचार्य म्हणाले, "काय लिहिलंय? वाच. नाहीतर वर्ष गेलं तुझं."

कागदावर बोट फिरवत मी म्हटलं, "मुलगा मेहनती आहे. भट्टीचं काम चांगलं शिकला."

"अरे वा! रशियन येतं तुला? भिलाईत दुभाषी हवाय. सोमवारी रुजू हो."

नाही म्हटलं असतं तर सर्टिफिकेटही बुडालं असतं. गेलो.

सोमवारी तोच साहेब पाच मिनिटं बोलला. सगळे मजूर माझ्या तोंडाकडे पाहून राहिले. मी ओरडलो, "साहब बोल रहे हैं, काम जल्दी करो!"

सहा महिने तो काहीही बोलला तरी मी हेच सांगितलं. आमची भट्टी मुदतीच्या आधी उभी झाली.