थरथरणारे बटन

हा किस्सा मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चिखलीत, चहाच्या टपरीवर, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सलीमभाईंच्या तोंडून ऐकला. त्यांनी हौसेने संगणकावर नवी थीम बसवली होती. त्यामुळे पडद्यावरचे कोणतेही बटन दाबले की ते आधी फुगे, मग थरथरे आणि मगच काम करी.

पीकविम्याच्या भरपाईचा अर्ज करण्याचा शेवटचा दिवस होता. बोंडअळी लागत नाही म्हणून घेतलेले बीटी बियाणे पेरूनही जिची कपाशी त्याच अळीने पोखरली होती, ती शांताकाकू समोर बसली होती. सलीमभाईंनी ‘अर्ज सादर करा’ दाबले. बटन थरथरू लागले आणि जुना संगणक त्या थरथरीतच अडकला.

“काऊन हालून राह्यलं रे ते?”

“काकू, ॲनिमेशन हाय. दिसाले चांगलं दिसते.”

“बियाण्याच्या पाकिटावरची कपाशीबी चांगलीच दिसे! अळी माह्या बोंडात, अन् वळवळ तुह्या बटनात? काढ ते पहिले!”

सलीमभाईंनी संगणक पुन्हा सुरू करून साधी थीम लावली, आणि मुदतीच्या आत अर्ज गेला. बटन मात्र जागचे हलले नाही. काकू म्हणाली, “दाबलं का पण खरंच?”

हा शेवटचा प्रश्न काकूचा, की सलीमभाईंनी थीमच्या बचावासाठी मागाहून जोडलेला, याची खातरजमा मला अद्याप करता आलेली नाही.